परवडणारा आरोग्य विमा: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, हिंगोली, जालन्यापासून धाराशिवपर्यंतच्या लोकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडं एलआयसी आहे, बँकेतून २० रुपयेवाला विमाही कापला जातो. मग आरोग्य विमा वेगळा कशाला?

कारण यांतला एकही विमा दवाखान्याचे बिल भरत नाही. आयुर्विम्याचे पैसे माणूस गेल्यावर किंवा मुदत संपल्यावर मिळतात. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तरच तिचे पैसे मिळतात. ४३६ रुपयांची जीवनज्योती फक्त मृत्यूनंतर २ लाख देते. शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात योजनाही मृत्यू आणि अपंगत्वासाठीच आहे. या सगळ्या स्वस्त आहेत, चालू ठेवाव्यात. पण अपेंडिक्सचे ऑपरेशन निघाले तर यांतून एक रुपयाही येत नाही.

२. रेशनकार्डावर ५ लाखांचे उपचार फुकट आहेत म्हणतात. मग विकत पॉलिसी घ्यायची गरजच काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांना ती लागू होती. शुभ्र कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत तिचा लाभ होता आणि त्यांत मराठवाड्याचे सगळे आठ जिल्हे होते. १ जुलै २०२४ पासून योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे कवच देते. त्या विस्तारात १,३५६ उपचार होते. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस अशा मोठ्या खर्चाच्या गोष्टी त्यात आहेत. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, आधी त्यालाच भेटायचे.

मर्यादाही ओळखून ठेवा. उपचार योजनेतल्या दवाखान्यातच घ्यावा लागतो आणि तो यादीत असावा लागतो. यादीतले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. नुसती तपासणी करून गोळ्या आणल्या तर तो खर्च मिळत नाही. दोन दिवस सलाइन लावून घरी सोडले, तर तेही यादीत बसेलच असे नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. ज्या घरात प्रीमियमसाठी उसनवारी करावी लागेल, त्यांनी पॉलिसी घेऊ नये, आधी योजनेचे कार्ड पक्के करावे (प्रश्न ३). ज्यांच्या हातात वर्षाला ठरलेली रक्कम शिल्लक राहते, त्यांनी योजना आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रात्री दोनला जो दवाखाना जवळ असेल तो योजनेत असेलच, याची खात्री देता येत नाही.

३. कार्ड काढायला गेलो तर नाव जुळत नाही म्हणून परत पाठवलं. काय करावं?

आधार आणि रेशनकार्ड यांच्यावरची नावे ताडून पाहा. बहुतेक वेळा अडचण तिथेच असते: एकावर वडिलांचे नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, किंवा लग्नानंतर सुनेचे नाव माहेरच्याच कार्डावर राहिलेले आहे. लहान लेकरांची नावे तर कित्येक घरांत कार्डावर चढवलेलीच नसतात. रेशनकार्डावरची दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेतून होते. १२ अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का, तेही तिथेच विचारा. मग आपले सरकार केंद्रात किंवा गावातल्या आशाताईंच्या मदतीने आयुष्मान कार्डाची केवायसी करा. हे काम आजारपण येण्याआधीच उरका. पेशंट अतिदक्षता विभागात असताना तहसीलला खेटे घालणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

४. वडील ७२ वर्षांचे आहेत. कोणतीच कंपनी घेईना. काही मार्ग?

आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. उत्पन्नाची अट नाही. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल, तर मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते.

वय आधारवरून धरतात. आपल्याकडे जुन्या माणसांच्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी आणि एखादे साल टाकलेले असते. वडील खरोखर ७२ चे असून आधारवर ६७ लिहिले असेल, तर पुरावा जोडून ते आधी दुरुस्त करून घ्या.

खासगी पॉलिसीबाबत म्हणाल, तर ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी मिळतच नाही असे नाही. विमा नियामकाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था, आयआरडीएआय) २०२४ मध्ये सगळ्या वयांच्या लोकांसाठी पॉलिसी ठेवायला कंपन्यांना सांगितले. कंपनी प्रकृती पाहून नकार देऊ शकते, पण एकीने नाकारले म्हणजे सगळ्यांनी नाकारले असे नव्हे.

५. मी वाळूजच्या कंपनीत कामाला आहे. पगारातून ईएसआय कापतात. मला पॉलिसी लागेल का?

महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू आहे. कामगाराचा ०.७५ टक्के आणि कंपनीचा ३.२५ टक्के हिस्सा त्यात जातो आणि कुटुंबालाही उपचार मिळतात. इतक्या कमी पैशात इतके कवच दुसरीकडे मिळणार नाही. काम सुटले की मात्र काही काळाने तेही सुटते. ठेकेदाराकडे असाल, तर पैसे नुसते कापले जातात की खरोखर भरलेही जातात, हे तपासा.

६. किती लाखांची पॉलिसी पुरेशी आहे?

चौघांच्या घराला निदान ५ लाख. त्याहून मोठी मूळ पॉलिसी घेण्यापेक्षा ५ लाखांवर सुपर टॉप-अप घेणे स्वस्त पडते. त्यात एक ठरावीक रक्कम असते, समजा ५ लाख. वर्षभरातल्या बिलांची बेरीज तिच्यापुढे गेली की वरचा खर्च टॉप-अपमधून मिळतो. नुसता टॉप-अप वेगळा. तो प्रत्येक आजाराचे बिल सुटे मोजतो आणि तीन-तीन लाखांची दोन बिले झाली तर काहीच देत नाही. घेताना 'सुपर' हा शब्द पाहूनच घ्या.

काही जण विचारतात की खालचे ५ लाख सरकारी योजनेवर सोडून फक्त सुपर टॉप-अप घ्यावा का. तो हिशेब आम्हाला भरवशाचा वाटत नाही. योजनेबाहेरच्या दवाखान्यात जावे लागले, तर खालचे ५ लाख तुमच्याच खिशातून जातील.

७. सगळ्यांची मिळून एक पॉलिसी घ्यावी की वेगवेगळी?

नवरा-बायको आणि लेकरे यांची एकत्र, म्हणजे फॅमिली फ्लोटर. आई-वडिलांची वेगळी. एकत्र पॉलिसीचा प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. ६८ वर्षांच्या आईला त्यात घेतले, तर लेकरांचे कवचही महाग होते आणि आईच्या एका ऑपरेशनमध्ये सगळ्यांचे संपू शकते.

८. सगळ्यात स्वस्त आणि फसवणूक नसलेली पॉलिसी कोणती?

पहिल्यांदा घेत असाल तर 'आरोग्य संजीवनी'कडे पाहा. विमा नियामकाने ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून विकली जाते. कोणत्याही कंपनीकडून घ्या, मूळ अटी त्याच असतात. प्रीमियम मात्र कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे तुलना सोपी जाते. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांचा दरही विचारून घ्या.

तिच्या मर्यादा अशा: मान्य झालेल्या दाव्याचे ५ टक्के तुम्ही भरायचे. खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० च्या वर नाही. अतिदक्षता विभागासाठी ५ टक्के, कमाल १०,०००. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,०००, जे कमी असेल ते. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दवाखान्यांसाठी या मर्यादा बऱ्याचदा चालून जातात, पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात तोकड्या पडतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. कोणी अजून वर जीएसटी सांगत असेल तर पावती मागा.

९. खोलीभाडे थोडं जास्त झालं तर तेवढाच फरक भरायचा ना?

नाही, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. समजा विमा २ लाखांचा आहे आणि अटीप्रमाणे खोलीचे ४,००० मिळतात. तुम्ही ६,००० ची खोली घेतली, म्हणजे तुमचा हक्क दोन तृतीयांशाचा. मग सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, नर्सिंग यांचे मिळून ९०,००० झाले असतील, तर कंपनी ६०,०००च धरेल. तीन दिवसांच्या खोलीचा फरक ६,०००, पण या कपातीने वरचे ३०,००० खिशातून जातात.

औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेले साहित्य यांवर ही कपात लावता येत नाही. जो दवाखाना खोलीप्रमाणे दर बदलतच नाही, तिथेही लावता येत नाही. बिल हातात आल्यावर हे तपासा. थोडा जास्त प्रीमियम देऊन खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी मिळत असेल, तर आमच्या मते तीच खरी स्वस्त.

१०. शुगर आहे, पण एजंट म्हणतो फॉर्मवर लिहू नका, प्रीमियम वाढेल. ऐकावं का?

अजिबात ऐकू नका. बाकी काहीही विसरलात तरी एवढे लक्षात ठेवा. मधुमेह, बीपी, थायरॉइड, जुने ऑपरेशन, तंबाखू, गुटखा, बिडी, दारू, सगळे लिहा. दावा आल्यावर कंपनी जुनी केसपेपर मागवते, आणि डॉक्टरांनी त्यात 'पाच वर्षांपासून शुगर' असे लिहिलेले असतेच. तिथे दावा जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. एजंटाचे कमिशन तोवर झालेले असते.

आजार लिहिला तर प्रीमियम थोडा वाढेल किंवा त्या आजारासाठी थांबावे लागेल (प्रश्न ११). ते परवडते. फॉर्म स्वतः वाचा, इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या लेकराकडून वाचून घ्या, कोऱ्या फॉर्मवर सही किंवा ओटीपी देऊ नका. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक देणे कंपनीला बंधनकारक आहे आणि ते मराठीत मागता येते. पटले नाही तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याचे कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो. हे संरक्षण प्रामाणिकपणे काही नोंदवायचे राहिलेल्यांसाठी आहे, त्याच्या भरवशावर खोटे लिहू नका.

११. पॉलिसी घेतली आणि दोन महिन्यांत बायकोला पिशवीचं ऑपरेशन सांगितलं. मिळेल का?

बहुधा नाही. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. त्यापुढे ठरावीक आजारांसाठी, म्हणजे हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, मूळव्याध, गर्भाशय काढणे यांसाठी, साधारण दोन वर्षे थांबावे लागते. पॉलिसी घेण्याआधीच असलेल्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती, २०२४ मध्ये ती कमी झाली.

आणखी एक कळकळीची गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशये गरज नसताना काढली गेल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेल्या आणि त्यावर चौकशी समिती नेमली गेली. कोणी तरुण वयात पिशवी काढायला सांगितली, तर विम्याचा विचार नंतर करा. आधी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या.

१२. आमच्या गावाजवळचा दवाखाना छोटा आहे. तिथलं बिल चालेल का?

दवाखान्याची नोंदणी असेल तर चालते. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली ती होते, दर्शनी भागात प्रमाणपत्र लावलेले असते. नोंदणी नसेल तर १० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात निदान १० खाटा, चोवीस तास डॉक्टर व शिकलेल्या नर्स, ऑपरेशन थिएटर आणि रोजच्या नोंदी हव्यात. शिवाय निदान २४ तास भरती असावे लागते. डायलिसिस, केमोथेरपी, मोतीबिंदू यांसारख्या दिवसभरात होणाऱ्या उपचारांना ही अट नाही.

१३. दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो. कोल्हापूर-सांगलीकडं किंवा कर्नाटकात आजारी पडलो तर?

विकत घेतलेली पॉलिसी देशभर चालते. तरी दोन गोष्टी पाहा. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात. स्वस्त झोनची पॉलिसी घेऊन मुंबईसारख्या महाग झोनमध्ये उपचार घेतले, तर बिलाचा ठरावीक हिस्सा तुमच्याकडून घेतात. नांदेडकर हैदराबादला आणि लातूर-धाराशिवकर सोलापूर किंवा पुण्याला जातात, त्यांनी तो तक्ता आधी वाचावा. दुसरी गोष्ट, कंपनीच्या यादीत ज्या भागात जाता तिथले दवाखाने आहेत का ते पाहा आणि फोनमध्ये ठेवा.

सरकारी कार्डाबद्दल: आयुष्मान भारतचे लाभार्थी असाल तर दुसऱ्या राज्यातही उपचार मिळतात. निघण्याआधी १४५५५ वर विचारून घ्या. कार्ड आणि रेशनकार्डाची प्रत गावी पेटीत न ठेवता सोबत घ्या.

१४. हातात पैसा सोयाबीन, कापूस विकल्यावरच येतो. हप्ता चुकला तर?

म्हणूनच पॉलिसी मुळात दिवाळीच्या आसपास सुरू करावी, म्हणजे दरवर्षी नूतनीकरणाची तारीख माल विकल्यानंतरच येते. जूनमध्ये, बी-भरणाच्या दिवसांत सुरू केलेली पॉलिसी सोडून देण्याची वेळ लवकर येते.

वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत असते, मासिकाला १५ दिवसांची. त्यात भरले तर साचलेला प्रतीक्षाकाळ टिकतो. मुदत उलटली तर पॉलिसी बंद, आणि प्रश्न ११ मधले सगळे पहिल्यापासून.

१५. बँकेतून, पतसंस्थेतून किंवा दवाखान्याच्या 'हेल्थ कार्ड'वर स्वस्तात मिळतं. घ्यावं का?

बँकेतली पॉलिसी बहुधा गट पॉलिसी असते. ती स्वस्त असू शकते, पण बँकेने कंपनीशी करार मोडला किंवा खाते बंद झाले तर ती संपते. अशा वेळी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा हक्क मागा.

हेल्थ कार्ड म्हणजे विमा नव्हे. त्यावर फार तर तपासणीत सूट मिळते. कागदावर विमा कंपनीचे नाव, नियामकाचा नोंदणी क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक नसेल, तर पैसे देऊ नका.

१६. बाळंतपण धरतात का?

आरोग्य संजीवनीत नाही. इतर काही पॉलिसींत असते, पण ९ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत थांबावे लागते. फक्त बाळंतपणासाठी महाग पॉलिसी घेऊ नका. सरकारी रुग्णालयात ते मोफत होते.

१७. करात सवलत मिळते का?

आयकर कायद्याप्रमाणे, फक्त जुन्या करप्रणालीत: २५,००० पर्यंत, ज्येष्ठ असल्यास ५०,०००. प्रीमियम रोखीने भरला तर मिळत नाही. उत्पन्न निव्वळ शेतीचे असेल तर करच नाही, त्यामुळे या सवलतीपायी पॉलिसी निवडू नका.

१८. कॅशलेस म्हणून घेतलं आणि दवाखाना म्हणतो आधी पैसे भरा. आता?

कंपनीला कॅशलेसच्या, म्हणजे बिल परस्पर दवाखान्याला देण्याच्या, विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. दवाखान्याच्या विमा खिडकीवर विनंती कधी पाठवली ते विचारा, उशीर बहुतेक तिथेच झालेला असतो. ठरवलेले ऑपरेशन असेल तर दोन दिवस आधी कळवा, अचानक भरती झाली तर २४ तासांच्या आत.

तरीही पैसे भरावे लागले तर डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळे मूळ कागद घ्या. प्रती काढल्याशिवाय मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका.

१९. दावा नाकारला. कुठं दाद मागायची?

आधी नकाराचे कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाने नाकारला त्यासकट. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज. तिथे दाद लागली नाही तर नियामकाचे 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. त्यानंतर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी ते पुण्याला आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे प्रकरण चालते. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जा.

२०. प्रीमियम एकदम वाढवला. कंपनी बदलली तर शुगरची तीन वर्षं पुन्हा मोजायची?

नाही. पोर्टिंग केले तर पूर्ण झालेला काळ नव्या कंपनीत धरला जातो, जुन्या विमा रकमेपुरता. रक्कम वाढवली तर वाढीव भागासाठी प्रतीक्षा नव्याने सुरू होते. नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करा आणि नव्या कंपनीने होकार देईपर्यंत जुनी सोडू नका. ज्येष्ठांसाठी जानेवारी २०२५ पासून वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावे लागते.

२१. मानसिक आजारासाठी भरती केलं तर मिळतं का?

मिळायला हवे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारासारखाच विमा देणे बंधनकारक केले आहे. नाकारले तर प्रश्न १९ प्रमाणे जा. लाजून हा दावा सोडून देणारी घरे आम्हाला भेटतात, तसे करू नका.

२२. एकाच ऑपरेशनला सरकारी योजना आणि पॉलिसी दोन्ही वापरता येतील का?

एकाच खर्चाचे पैसे दोनदा मिळत नाहीत. योजनेत भरती झालात तर ठरलेल्या उपचाराचे पैसे दवाखान्याने तुमच्याकडून घ्यायचेच नाहीत. 'योजना वेगळी आणि वरचे वीस हजार वेगळे' असे कोणी म्हणाले तर आरोग्यमित्राला सांगा, त्याने ऐकले नाही तर १५५३८८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

दोन खासगी पॉलिसी असतील तर आधी कोणती वापरायची ते तुम्ही ठरवता आणि उरलेल्या बिलासाठी दुसरीकडे जाता येते. त्यासाठी पहिल्या कंपनीचे मंजुरीपत्र आणि तिने शिक्का मारलेल्या बिलांच्या प्रती लागतात. त्या पहिल्या कंपनीकडे मूळ कागद देतानाच मागून घ्या.